शंकूचे दत्तकविधान

पावसाळ्याच्या तोंडी पूर्णेकाठच्या एका गावातला माझा जुना विद्यार्थी खामगावी घरी आला. शेततळ्याचे खोदकाम चालू असताना त्याला काहीतरी सापडले होते. रुमालाची गाठ सोडून त्याने ते माझ्या हातावर ठेवले. बोटभर लांबीचा, एका टोकाला निमुळता होत गेलेला पांढुरका शंकू. “सर, हे हायोलिथ हाय का?” त्याने विचारले, आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.

आम्ही तुकडा धुऊन नीट पाहिला. त्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला, तसा तो फसफसला. पोराचा चेहरा उजळला. कवच चुन्याचे असते आणि चुना आम्लात फसफसतो, हे वर्गात शिकलेले त्याला आठवत होते. पण चुनखडीचा कंकरही तसाच फसफसतो. मग तुकडा मधून फोडला. आत कवचाचे थर नव्हते, झाकणाचा मागमूस नव्हता. मधोमध एक बारीक नळी तेवढी होती. कधीकाळी तिथे एखाद्या झाडाचे मूळ होते आणि त्याच्याभोवती जमिनीतल्या पाण्यातला चुना साकळत गेला होता. पूर्णेच्या गाळात असे कंकर हवे तितके सापडतात.

तो हिरमुसला, पण लगेच सावरून म्हणाला, “हे नसंल. पण हायोलिथ ब्रॅकिओपॉडचं नातलग हाय, हे तर आता पक्कं झालं ना सर?”

ब्रॅकिओपॉड म्हणजे दोन शिंपल्यांत राहणारे समुद्री प्राणी; हायोलिथ हे शंकूसारख्या कवचाचे, कधीच नामशेष झालेले समुद्री कुळ. त्यांचे नाते पक्के झालेले नाही. २०१७ पासून विज्ञानाच्या बातम्यांत, लोकप्रिय पुस्तकांत आणि विद्यार्थ्यांच्या टिपणवह्यांत हे वाक्य निकालासारखे उतरत गेले आहे. पावणेदोनशे वर्षांचे कोडे सुटले, असे सांगितले जाते. माझे म्हणणे असे की कोडे सुटलेले नाही. एका अनाथ कुळाला एका भरल्या घरात दत्तक दिले गेले आहे, आणि त्या दत्तकविधानाचे कागद तपासले तर त्यात मोठ्या त्रुटी सापडतात. ते कागद इथे एकेक करून तपासायचे आहेत.

खामगावने यात का पडावे

आधी आपल्या जमिनीबद्दल. खामगाव घाटाखालचे गाव. दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, उत्तरेला पूर्णेचा गाळ. डोंगरातला काळा फत्तर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. शेवटचा हायोलिथ सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन कालखंडाच्या अखेरीस मेला. पहिले हायोलिथ कँब्रियन कालखंडाच्या आरंभीचे, ५३ कोटी वर्षांहून जुने, म्हणजे आपल्या काळ्या फत्तराच्या आठपट वयाचे. तेव्हा बुलढाणा जिल्ह्यात कोणी कितीही खोल शेततळे खणले तरी हायोलिथ मिळणार नाही.

तरीही हा विषय आपला आहे. अखंड भारताच्या भूशास्त्रात या शंकूंना मोलाचे स्थान होते. आता पाकिस्तानात असलेल्या सॉल्ट रेंजच्या कँब्रियन थरांतून ‘हायोलिथेस विन्नी’ ही जाती विल्यम व्हागेन यांनी एकोणिसाव्या शतकात वर्णिली. मसुरीच्या डोंगरातला ‘ताल’ गट कितीतरी दशके मध्यजीव महाकल्पातला, म्हणजे डायनोसॉरांच्या काळातला मानला जाई. १९८० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या फॉस्फोराइट खडकातून मिलिमीटरभर आकाराची कवचे आणि नळ्या निघाल्या. त्यांत हायोलिथही होते. त्या कणांनी त्या खडकांचे वय कोट्यवधी वर्षांनी मागे नेऊन कँब्रियनच्या आरंभाशी ठेवले. डोंगराच्या वयाचा निवाडा करणाऱ्या जीवाचे स्वतःचे कुळ आपण ऐकीव माहितीवर ठरवून मोकळे व्हावे, हे मला पटत नाही.

आणि खामगावला तर हा धडा वेगळा शिकवायला नको. हे चांदीचे गाव. इथला सराफ चकाकी पाहून चांदी घेत नाही; टंच काढतो, मग भाव बोलतो. जीवाश्माच्या नात्याचाही टंच काढावा लागतो. साम्य दिसले की नाते जुळले, असे होत नाही.

हायोलिथ म्हणजे काय

फुटाण्यांसाठी वळलेली कागदाची पुंगळी डोळ्यांसमोर आणा; फक्त ती एक ते चार सेंटिमीटर लांबीची, चुन्याची आणि एका बाजूने थोडी चपटी. टोक बंद, तोंड उघडे. तोंडावर एक स्वतंत्र झाकण. या कुळाच्या दोन शाखा आहेत. पहिली हायोलिथिड. तिच्यात तोंडाची खालची कड ओठासारखी पुढे आलेली असते, आणि झाकण व शंकू यांच्या मधल्या फटीतून दोन्ही बाजूंना एकेक वाकडी, विळ्यासारखी काडी बाहेर येते. या काड्यांना ‘हेलन’ म्हणतात. कॅनडातल्या बर्जेस शेलचा शोध १९०९ मध्ये लावणाऱ्या चार्ल्स वॉलकॉट यांनी आपल्या मुलीचे नाव त्यांना दिले. दुसरी शाखा ऑर्थोथेसिड. हिच्यात हेलन नाहीत, ओठ नाही. शंकूचे तोंड सपाट आणि झाकण आत ओढून घेता येईल असे.

‘हायोलिथेस’ हे नाव एडुआर्ड आइखवाल्ड यांनी १८४० मध्ये दिले. तेव्हापासून या शंकूने जितकी घरे बदलली, तितकी क्वचितच दुसऱ्या जीवाश्माने बदलली असतील. एकोणिसाव्या शतकात त्याला टेरोपॉड, म्हणजे समुद्रात पंखांसारख्या पायांनी तरंगणाऱ्या गोगलगायींत बसवले, कारण त्यांतल्या काहींचे कवचही असेच पातळ आणि शंकूसारखे असते. नंतर उमगले की त्या गोगलगायी खडकांत फार उशिरा येतात. मधली कोट्यवधी वर्षे रिकामी. मग त्याला मृदुकाय संघात वेगळा वर्ग म्हणून ठेवले, कारण कवच मृदुकायांसारखे. १९७५ मध्ये ब्रूस रनेगर आणि सहकाऱ्यांनी आतड्याच्या ठशांवर भर देऊन म्हटले की हा मृदुकाय नाही, हायोलिथा हा स्वतंत्र संघ मानावा. पुढच्याच वर्षी लादिस्लाव मारेक आणि एलिस योखेलसन यांनी त्याला पुन्हा मृदुकायांत ओढले. आणि २०१७ मध्ये त्याला ब्रॅकिओपॉडांच्या अंगणात नेऊन बसवले.

या फिरतीकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. दर वेळी एकाच अवयवाने त्याला नव्या दारी नेले. आधी आकाराने, मग कवचाने, मग आतड्याने, आणि शेवटी तोंडाभोवतीच्या तंतूंनी.

पूर्वपक्ष

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी मांडल्याशिवाय त्याचे खंडन करू नये, ही आपल्या वादपरंपरेची शिस्त आहे. म्हणून आधी पूर्वपक्ष.

जानेवारी २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये जोसेफ मॉयसियुक, मार्टिन स्मिथ आणि ज्याँ-बर्नार्ड कॅरॉन यांचा निबंध आला. त्यांनी बर्जेस शेल आणि अमेरिकेतल्या स्पेन्स शेलमधले ‘हॅप्लोफ्रेंटिस’ या हायोलिथिडाचे १,५०० हून अधिक नमुने तपासले. हे काम चिकाटीचे आणि उत्तम दर्जाचे आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यांना झाकणाच्या आत, तोंडाच्या भोवती, पंख पसरलेल्या समुद्रपक्ष्याच्या आकाराची एक पट्टी दिसली आणि तिच्यावर १२ ते १६ तंतू. मधोमध मुख. आतडे इंग्रजी यू अक्षरासारखे वळून पुन्हा पुढे आलेले. त्यांचा युक्तिवाद असा : तोंडाभोवती तंतूंचा असा पट्टा म्हणजे लोफोफोर, लोफोफोर ब्रॅकिओपॉड, फोरोनिड आणि ब्रायोझोआ या जलचर प्राण्यांकडे असतो, वर दोन भागांचे कवच, शंकू आणि झाकण, हे ब्रॅकिओपॉडाच्या दोन शिंपल्यांसारखे, म्हणून हायोलिथ लोफोफोरधारी प्राण्यांतलाच.

पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, चीनच्या युनान प्रांतातल्या चेंगजियांगच्या सुमारे ५१.८ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांतून ‘पेडंक्युलोथेका’ हा हायोलिथ वर्णिला गेला. त्याच्या शंकूच्या टोकाला देठासारखा भाग होता. ब्रॅकिओपॉडही देठाने तळाला चिकटतात. पूर्वपक्षाला आणखी एक खांब मिळाला.

असे चार खांब झाले : तंतू, आतडे, दोन कवचे आणि देठ. आता त्यांचा टंच काढू.

खंडन

पहिला खांब तंतूंचा. सगळा भार त्याच्यावर आहे. आपल्या नैयायिकांनी हेतूचे, म्हणजे अनुमानाला आधार देणाऱ्या खुणेचे, दोष नेमके सांगितले आहेत. धूर दिसला तर अग्नी आहे असे म्हणता येते, कारण अग्नीवाचून धूर नसतो. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असे म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. जो हेतू साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, नसलेल्या ठिकाणीही आढळतो, तो सव्यभिचार. लोफोफोर असेल तर तंतू असतात, हे खरे. तंतू आहेत म्हणून लोफोफोर आहे, हे मात्र लोखंडी गोळ्यात धूर शोधण्यासारखे. त्या विद्यार्थ्याच्या कंकरावर आम्ल फसफसले, तिथेही हीच गफलत होती.

तंतू कोणाकोणाकडे आहेत पाहा. समुद्रतळाला नळीत राहणाऱ्या काही वलयी कृमींच्या डोक्यावर तंतूंचा पंखा असतो. एन्टोप्रॉक्ट या चिमुकल्या जलचरांकडे तंतूंचे कडे असते. टेरोब्रँक या छोट्या सागरी जीवांकडे तंतूंचे हात असतात. आणि मृदुकायांतच हत्तीच्या सुळ्यासारख्या कवचाचे स्कॅफोपॉड आहेत. कवच निमुळते, शंकूसारखे, आणि डोक्यापाशी अन्न टिपणाऱ्या बारीक तंतूंचे जुडगे. निमुळते कवच आणि तंतू हा जोड आजच्या जिवंत मृदुकायांत दिसतो. पण त्यामुळे स्कॅफोपॉड कोणी ब्रॅकिओपॉडांत नेत नाही.

ही चूक प्राणिशास्त्राने एकदा करून पाहिली आहे. टेरोब्रँक आणि लोफोफोरधारी यांच्या तंतूंचे साम्य पाहून त्यांना जवळचे मानण्याची परंपरा बराच काळ चालली. १९९५ मध्ये केनेथ हॅलानिक आणि सहकाऱ्यांनी रायबोसोमच्या जनुकाचा पुरावा मांडला, तेव्हा ब्रॅकिओपॉड आणि फोरोनिड यांची जागा मृदुकाय व वलयी कृमी यांच्या मेळ्यात निघाली. याच मेळ्याला लोफोट्रोकोझोआ हे नाव मिळाले. टेरोब्रँक दुसऱ्याच मोठ्या शाखेवर, आपल्यासारख्या कणाधारी प्राण्यांच्या बाजूला. तंतूंनी जुळवलेले नाते रेणूंनी मोडले. कपाशीच्या जिनिंगमध्ये राबणारे सगळे हात सारखेच कापसाने माखलेले असतात, म्हणून ते एका घरचे ठरत नाहीत. पाण्यातले कण गोळा करण्याचा धंदा ज्यांनी ज्यांनी केला, त्यांना तंतू आले.

लोफोफोर म्हणजे नुसते तंतू नव्हेत. लिबी हायमन यांनी १९५९ मध्ये त्याचे लक्षण बांधले, त्यात दोन अटी होत्या. तंतूंच्या वलयात मुख असावे पण गुदद्वार बाहेर राहावे, आणि तंतूंच्या आत देहगुहेचा, म्हणजे द्रवाने भरलेल्या पोकळीचा फाटा असावा. हॅप्लोफ्रेंटिसचे ठसे कार्बनच्या पातळ पापुद्र्याचे आहेत, दाबून सपाट झालेले. तंतूंची मांडणी त्यांत दिसते, पण तंतू आतून पोकळ होते की भरीव, त्यांत देहगुहेचा फाटा होता की नाही, हे असा ठसा सांगत नाही. लक्षणाचा अर्धा भाग सिद्ध झाला आणि नाव पूर्ण लावले गेले, हा अतिव्याप्तीचा दोष.

दुसरा खांब आतड्याचा. यू आकाराचे आतडे ब्रॅकिओपॉडांकडे आहे, फोरोनिडांकडे आहे, हे खरे. पण ते नॉटिलसासारख्या शीर्षपादांकडेही आहे, सिपंक्युलिड कृमींकडेही आहे. १९७५ मध्ये रनेगर यांनी सिपंक्युलिडांशीच तुलना केली होती. कारण साधे आहे. ज्याच्या घराला एकच दार, त्याला जेवण आणि मलविसर्ग दोन्ही त्याच दारातून करावे लागतात. टोक बंद असलेल्या शंकूत राहायचे तर आतडे मागे जाऊन पुन्हा पुढे यावेच लागते. ही घराची सक्ती आहे. तिच्यावरून गोत्र काढता येत नाही.

तिसरा खांब दोन कवचांचा. ब्रॅकिओपॉडाच्या दोन शिंपल्या देहाच्या वरच्या आणि खालच्या बाजूला असतात. हायोलिथाचा शंकू हे घर आणि झाकण हे दार. झाकण गोगलगायींनाही असते. शिवाय कवचाचा कस पाहावा. हायोलिथाचे कवच मुळात अॅरागोनाइट या खनिजाचे, त्यात तंतुमय जुड्यांचे थर. ही घडण आरंभीच्या मृदुकायांच्या कवचाशी अधिक जुळते. ब्रॅकिओपॉडांची कवचे बहुतेक कॅल्साइटची किंवा फॉस्फेटची. अॅरागोनाइटचे ब्रॅकिओपॉड आहेत, पण ते अपवाद. इथे मी माझ्याच बाजूचा मोह आवरतो. अॅरागोनाइट आहे म्हणून हायोलिथ मृदुकाय, असे म्हटले तर मीही त्याच सव्यभिचाराचा धनी होईन. माझे म्हणणे एवढेच की कवच ब्रॅकिओपॉडाच्या बाजूने साक्ष देत नाही.

चौथा खांब देठाचा. एका जातीत देठासारखा भाग दिसतो. तो खरा स्नायुमय देठ की शंकूचेच लांबलेले, चेपलेले टोक, यावर शंका घेतली गेली आहे. देठ खरा मानला तरी ५३ कोटी वर्षांपूर्वीपासून २५ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत पसरलेल्या कुळात बहुसंख्य हायोलिथांचे टोक बंद, टोकदार आणि मोकळे आहे. हॅप्लोफ्रेंटिसचेही तसेच. पूर्वपक्षाचे तंतू एका जातीतून आले आणि देठ दुसऱ्या जातीतून; दोन्ही एकाच देहात एकत्र कसे होते, हे दाखवणारा निर्णायक नमुना त्यांच्याकडे नाही. शिवाय तळाला कशाने तरी चिकटून राहणे हीही सागरतळावरची जुनी रीत आहे. ती अनेक कुळांत स्वतंत्रपणे आली.

आता सगळ्यांत जड आक्षेप. हायोलिथाच्या दोन शाखा आहेत हे वर सांगितले. पूर्वपक्षाची मांडणी प्रामुख्याने एका शाखेच्या एका प्राण्यावर, हॅप्लोफ्रेंटिसवर उभी आहे. ऑर्थोथेसिडांचे काय? त्यांचे साधे शंकू कँब्रियनच्या खडकांत फार लवकर भेटतात. त्यांचे आतडे पुष्कळदा घड्या घातलेले आणि गाळाने भरलेले सापडते. म्हणजे हे प्राणी समुद्रतळाचा चिखल गिळून त्यातले अन्न घेत असत. जिवंत लोफोफोरधारी सगळे पाण्यातले तरंगते कण गाळून खाणारे. २०२० मध्ये चिनी आणि स्वीडिश संशोधकांच्या गटाने चेंगजियांगच्या ‘ट्रिप्लिकॅटेला’ या ऑर्थोथेसिडाचे मऊ अवयव वर्णिले. त्याच्याकडेही तंतू होते, पण झुबक्यासारखे, तळावरून अन्न उचलण्याच्या कामाचे. त्यांनी निष्कर्ष काढला की हायोलिथ लोफोफोरधाऱ्यांत बसत नाहीत; त्यांची जागा लोफोट्रोकोझोआच्या मुळाजवळ आहे. घरातल्या एका भावाला पाहून सगळ्या घराची सोयरीक ठरवली, आणि दुसरा भाऊ समोर आला तेव्हा पत्रिका जुळेना.

मंडन

दुसऱ्याचे घर पाडल्यावर स्वतःचे बांधून दाखवायची जबाबदारी येते. तर माझा पक्ष असा.

हायोलिथा हा स्वतंत्र गट मानावा. त्याची जागा लोफोट्रोकोझोआच्या महाकुळात आहे, एवढे आजचा पुरावा धरून ठामपणे म्हणता येते. पण त्या कुळात त्याला आज जिवंत असलेल्या कोणत्याही संघाच्या आत बसवू नये. मृदुकायांची वाट आणि ब्रॅकिओपॉडांची वाट जिथे फुटली, त्या फाट्याच्या आसपास, बुंध्याजवळून निघालेली आणि पुढे पूर्ण वाळून गेलेली ही एक फांदी आहे.

ही मांडणी चार साम्यांपैकी एकही नाकारत नाही, उलट त्यांना अर्थ देते. बुंध्याजवळचा जीव दोन्ही बाजूंच्या चेहऱ्यांची झाक घेऊन येणारच. तोंडाजवळचे तंतू, वळलेले आतडे, आवरणातून स्रवणारे चुन्याचे कवच यांतल्या काही गोष्टी सामायिक पूर्वजाकडून आलेल्या असू शकतात. तसे असेल तर त्या सगळ्या भावंडांत कमी-अधिक दिसणार, आणि म्हणूनच कोणत्याही एका भावंडाशी खास जवळीक सिद्ध करायला त्या निरुपयोगी ठरतात. आजोबांचे नाक सगळ्या नातवंडांना मिळते; नाकावरून कोण कोणाचा सख्खा, हे सांगता येत नाही. सख्खेपणा सांगायला दोघांतच असलेली आणि इतरांत नसलेली नवी खूण लागते. हायोलिथ आणि ब्रॅकिओपॉड यांच्यात अशी निःसंशय खूण अजून कोणी दाखवलेली नाही.

उलट हायोलिथिडांकडे स्वतःची अशी खूण आहे : हेलन. कँब्रियनपासून पर्मियनपर्यंत दुसऱ्या कोणत्याही प्राण्याकडे अशा वाकड्या, चुन्याच्या, फटीतून बाहेर येणाऱ्या काड्या नाहीत. २०१७ च्या संशोधकांनी त्यांचा उपयोग नेमका सांगितला. मुखाची बाजू चिखलापासून वर उचलून धरणारे ते टेकू असावेत. हा त्यांच्या कामाचा मोलाचा भाग, आणि तो मी आनंदाने मान्य करतो.

शंका आणि समाधान

एक शंका इथे कोणीही चाणाक्ष वाचक घेईल. वेगळी खूण असली म्हणजे वेगळा संघ होतो का? कासवाची पाठ दुसऱ्या कोणाकडे नाही, तरी कासव सरपटणाऱ्यांतलेच. शंका रास्त आहे. हेलन आहेत म्हणून हायोलिथ ब्रॅकिओपॉडांच्या जवळचा नाही, असे मी म्हणत नाही. स्वतःची खूण कोणाला घराबाहेर काढत नाही, तशीच ती कोणाच्या घरात घेतही नाही. कासवाला सरपटणाऱ्यांत ठेवणारा पुरावा त्याच्या पाठीबाहेरचा आहे आणि भक्कम आहे. हायोलिथाच्या बाबतीत तो बाहेरचा पुरावा उणा पडतो, हाच मुद्दा.

दुसरी शंका : ‘स्वतंत्र गट’ म्हणणे म्हणजे माहीत नाही असे म्हणून हात झटकणे नव्हे काय? नव्हे. यातून तपासता येणारी भाकिते निघतात. माझी मांडणी बरोबर असेल तर आणखी जुने हायोलिथ सापडतील तेव्हा त्यांत ब्रॅकिओपॉडांच्या खास खुणा वाढत जाणार नाहीत. दोन्ही वाटांच्या सरमिसळ खुणा दिसतील. आणि मी चुकत असेन तर तेही कळेल. तंतूंत देहगुहेचा फाटा दाखवणारा त्रिमितीय नमुना निघाला, ऑर्थोथेसिडांतही गाळणीचा लोफोफोर सापडला, आणि शंकूच्या टोकाचा देठ अनेक जातींत, ब्रॅकिओपॉडासारख्याच घडणीचा दिसला, तर मी माझा पक्ष सोडीन. तोवर शंभर बातम्यांनी निकाल लागत नाही.

तिसरी शंका विदर्भातल्या वाचकाच्या मनात येईल : इतक्या बारीक वादाने फरक तो काय पडतो? फरक मोठा पडतो. नागपूरजवळच्या टाकळीला स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लाव्ह्यांच्या थरांमधले जीवाश्म गोळा केले. त्या थरांत ‘फायसा प्रिन्सेपी’ नावाची गोड्या पाण्यातली गोगलगाय येते. वळणे डावीकडे जाणारी, शेंडा निमुळता. नाव जेम्स सॉवर्बी घराण्यातल्या शंखतज्ज्ञाने १८४० मध्ये दिले, आणि तिचे कुळ पुढच्या अभ्यासकांनी पुन्हापुन्हा तपासले, कारण डावे वळण गोगलगायींच्या एकाहून अधिक कुळांत येते. तिच्यावरून लाव्ह्यांमधल्या तळ्यांचे आणि काळाचे अंदाज बांधले गेले, आणि तेच अंदाज आपल्या पायाखालच्या जमिनीच्या इतिहासात शिरले. जीवाश्माच्या नावाला चिकटलेले नाते पुढे खडकाच्या वयाला, तिथून सबंध प्रदेशाच्या इतिहासाला चिकटते. मसुरीच्या ताल गटाची कथा तर आधीच सांगितली. पाया कच्चा ठेवून वर मजले चढवले, तर ते उतरवताना पुढच्या पिढीचे हात भाजतात.

पूर्वपक्षाच्या संशोधकांबद्दल माझ्या मनात आदर आहे; त्यांनी तंतू पाहिले, ते खरेच तिथे आहेत. माझी तक्रार त्यांच्या डोळ्यांबद्दल नाही, निष्कर्षाच्या घाईबद्दल आहे. आणि त्याहून जास्त, त्या निष्कर्षाला आपण शिक्षकांनी आणि लेखकांनी प्रश्नाविना निकालाचा दर्जा दिला याबद्दल. निबंधातले ‘असावे’ वर्गात येईपर्यंत ‘आहे’ होते. ते ‘असावे’ जपणे हे शिकवणाऱ्याचे काम आहे.

म्हणून मी त्या विद्यार्थ्याला वहीत लिहायला सांगितले : हायोलिथा, स्वतंत्र गट, लोफोट्रोकोझोआच्या मुळाजवळ, ब्रॅकिओपॉडांशी जवळीक २०१७ मध्ये मांडली, २०२० मध्ये तिच्यावर साधार आक्षेप, निर्णय बाकी. त्याने ते लिहिले. मग फुटलेल्या कंकराचे दोन तुकडे पुन्हा रुमालात बांधले, त्यांच्यासाठी कागदाची एक चिठ्ठी फाडली आणि तिच्यावर गावाचे नाव, शेततळ्याची खोली आणि एवढेच लिहिले : ‘मुळाभोवतीचा कंकर. आत नळी पाहिली.’ आकार शंकूचा होता, हे त्याने लिहिले नाही. आता त्याला तसे लिहिण्याची गरज वाटत नव्हती.